येरवड्यातल्या २७० चौरस फुटांच्या घरात राहून पाहिल्यावर

जॉब कल्याणीनगरला लागला म्हणून गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून मी येरवड्यात मावशीकडे राहतेय. मावशीचं घर बीएसयूपीमधलं (शहरातल्या गरिबांना मूलभूत सोयी देणारी सरकारी योजना), म्हणजे २००५ ला केंद्राने जेएनएनयूआरएम हे शहरं सुधारण्याचं अभियान आणलं त्यात वस्ती न हलवता जागच्या जागी जी पक्की घरं बांधून दिली त्यातलं एक. या कामाचं आर्किटेक्चरवाल्यांमध्ये भरपूर कौतुक झालंय, २०११ ला न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनातसुद्धा ते मांडलं होतं, पण आत राहणाऱ्याला घर कसं वाटतं हे मला कुठे फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थोडी माहिती. मूळ कल्पना २००९ च्या आसपासची, फिलिपे बालेस्ट्रा आणि सारा योरान्सन या दोन आर्किटेक्टची, स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांचं संघटन यांच्यासोबत केलेली, आणि प्रत्यक्ष वस्तीत उतरून गल्ली गल्ली मोजून घराघराचे प्लॅन केले ते पुण्याच्याच प्रसन्न देसाई आर्किटेक्ट्सनी. नियम साधा होता, ज्यांची घरं आधीच पक्की त्यांना हात लावायचा नाही, फक्त पत्र्याची आणि कच्ची घरं पाडून त्याच जागी नवीन. प्रत्येकाला २७० चौरस फूट, खर्च साधारण ३ लाख धरलेला, त्यातले १० टक्के घरमालकाने भरायचे, बाकी सरकारचे. ज्यांची जागा फारच छोटी होती त्यांनी शेजाऱ्यासोबत जागा एकत्र करून एकच बिल्डिंग घ्यायची आणि मजले वाटून घ्यायचे.

हे वाचताना सोपं वाटतं पण गल्लीत उभं राहिलं की कळतं किती किचकट काम आहे ते, कारण दोन जागा सारख्या नाहीत, एक तिरकी, एकीच्या मधूनच ड्रेनेज जातंय, एकीला रस्त्याकडून दारच नाही. रिकाम्या प्लॉटवर शंभर सारखे फ्लॅट काढणं वेगळं आणि हे वेगळं. मावशी सांगते की तेव्हा मीटिंगा व्हायच्या, महिला मिलनच्या बायका दारोदार फिरून कागद गोळा करायच्या, मोरी कुठे हवी, जिना आतून की बाहेरून, यावर बायकांनी भांडून बदल करून घेतले. मावशीच्या घरात ओटा खिडकीखाली आहे तो तिने मागितला म्हणून आहे. रोज स्वयंपाक करताना मला त्याची किंमत कळते, दुपारी लाईट न लावता काम होतं, धूर बाहेर जातो.

घर खाली एक खोली, वर एक खोली. संडास-बाथरूम घरात. ज्यांच्याकडे हे पहिल्यापासून होतं त्यांना यात विशेष वाटणार नाही, पण मावशीची अर्धी जिंदगी सार्वजनिक संडासच्या लाईनीत गेली, पहाटे अंधारात डबा घेऊन जायची, पावसात, बाळंतपणानंतर पण. ती म्हणते, "अगं, बाकी काही नसतं दिलं ना तरी चाललं असतं, हे एक पुरे होतं." मी पूर्ण सहमत आहे.

पण मला सगळ्यात आवडलं ते घराच्या बाहेरचं. घरं जागच्या जागी झाल्यामुळे शेजार तोच राहिला. समोरच्या काकूंकडे चावी असते, मला यायला उशीर झाला तर कोपऱ्यावरचा दुकानदार मावशीला सांगतो की पोरगी आत्ताच गल्लीत शिरली. ओळखीतल्या एका कुटुंबाला दुसऱ्या एका योजनेत लांब सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, घर चांगलं आहे, लिफ्ट आहे, पण त्या काकांची भाजीची गाडी बंद पडली कारण ती लावायची कुठे आणि वरून लक्ष ठेवायचं कसं. आमच्या गल्लीत पायरीवर बसून शिवणकाम चालतं, दारात पापड वाळतात, मुलं डोळ्यासमोर खेळतात. दहा फुटांची गल्ली हीच खरी आमची बैठकीची खोली आहे, आणि ती सरकारी कागदावर कुठल्याच घराच्या चौरस फुटात धरलेली नाही.

आता त्रास. जिना फार उभा आहे, २७० मध्ये जिन्यालाच जागा गेली तर खोली उरत नाही हे समजतं, पण मावशीचे गुडघे दुखतात आणि ती वरच्या खोलीत जाणं टाळते, म्हणजे तिच्यापुरतं घर अर्धंच झालं. खालची खोली उन्हाळ्यात कोंदट, दोन बाजूंना शेजाऱ्याची भिंत, हवा फक्त पुढून. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल आली, ती मात्र मूळ बांधकामाची नाही, नंतर एका गवंड्याकडून वर टाकी बसवली तिच्या पाइपचा जोड गळत होता, तो बदलल्यावर थांबली.

वाढवता येणारं घर ही मूळ कल्पना होती, पाया आणि कॉलम पुढच्या मजल्याचा विचार करून घालायचे आणि पैसे जमतील तसं कुटुंबाने चढवायचं. मला ही फार शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण इथल्या कोणाकडेच एकदम पैसा येत नाही, भिशी लागली की थोडं, दिवाळीचा बोनस आला की थोडं. पण गल्लीत सगळेच वर चढले तर खालच्यांचा उजेड जातो, आमच्या दोन घरं पुढे ते झालंच आहे, तिथे दिवसा ट्यूब लावावी लागते. बांधून झाल्यावर दहा-पंधरा वर्षं कोणीतरी वस्तीत येऊन वाढीव बांधकामाचा सल्ला द्यायला हवा होता असं मला मनापासून वाटतं, त्यासाठी अशा योजनेत पैसे धरायला हवेत.

तुमच्या वस्तीत अशी योजना येत असेल तर प्लॅनवर सही करण्याआधी घरातल्या बाईला आणि म्हाताऱ्या माणसाला नकाशा दाखवा, जिन्याच्या पायरीची उंची विचारा, खालच्या मजल्यावर झोपायला जागा आणि संडास दोन्ही आहे का बघा, आणि मागच्या भिंतीत वर झरोका मागून घ्या, तो नंतर पाडून करायला खूप महाग पडतो.