साडेसहा लाख किलोमीटर चाललेला ट्रक आणि त्याची थरथर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

२०१४ सालची सहा चाकी गाडी, १६.२ टनांच्या जुन्या मर्यादेची, मीटर साडेसहा लाखांच्या पुढे. दिवाळीनंतर घेतली आणि तेव्हापासून ती लासलगाव-पिंपळगावचा कांदा वाशीच्या मार्केटला नेते. परतीला भाडं मिळालं तर मिळालं, नाहीतर रिकामी येते. इंजिन निरोगी आहे, ऑइल माफक खातं, कसारा चढताना तापत नाही. गिअर स्वच्छ पडतात. ब्रेकचं काम घेतल्या घेतल्या करून घेतलं. या सगळ्यावर लिहिण्यासारखं फार नाही. लिहायचंय ते थरथरीबद्दल, कारण जास्त चाललेली गाडी घेणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला ती येते आणि त्यात पैसा फुकट जातो.

तक्रार अशी होती: पन्नासच्या पुढे केबिनचा पत्रा आणि सीट झिणझिणायची, पंचावन्नला सगळ्यात जास्त, पासष्टनंतर कमी. स्टेअरिंग मात्र शांत. अड्ड्यावर जेवढी माणसं तेवढी निदानं मिळाली. टायर बॅलन्स करा, क्रॉस (शाफ्टचा कोनात फिरणारा सांधा) बदला, इंजिनचे माउंटिंग रबर टाका, क्लचप्लेट बघा. अंदाजाने एकेक भाग बदलत जाण्याला माझा ठाम विरोध आहे. भाग बदलला की दोन आठवडे बरं वाटतं, आणि मूळ कारण तसंच राहून नवा भागही खातं.

आमच्या मिस्त्रींनी मात्र पहिलाच प्रश्न वेगळा विचारला. "भाऊ, रिकामी किती थरथरते आणि भरलेली किती, ते आधी सांगा." रिकामी जास्त, भरलेली बरीच कमी. ते म्हणाले, मग टायर नंतर बघू.

तरी क्रमाने गेलो. गाडी उभी ठेवून इंजिनचे आरपीएम हळूहळू वाढवले, काही नाही. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर पंचावन्नचाच वेग एकदा वरच्या गिअरमध्ये आणि एकदा एक गिअर खाली ठेवून पाहिला. आरपीएम बदलले तरी थरथर त्याच वेगाला. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले, दोष गिअरबॉक्सच्या मागे. स्टेअरिंग हलत नव्हतं, म्हणून पुढच्या चाकांवरचा संशय कमी झाला. ब्रेक दाबल्यावर थरथर वाढत नव्हती, म्हणजे ड्रमही नाही. ॲक्सिलरेटर सोडला की ती कमी व्हायची, पण पूर्ण जायची नाही. ही चाचणी घाटात, उतारावर कुणी करू नये. मोकळ्या सपाट रस्त्यावरच करा.

यानंतरचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण इथे मताला जागाच उरत नाही. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) खडूने खूण केली, गाडी न्यूट्रलमध्ये सपाटीवर ढकलली. टायर एक फेरा फिरला तेव्हा गाडी सुमारे ३.२ मीटर पुढे गेली आणि शाफ्टचे जवळजवळ सहा फेरे झाले. (एकच चाक जॅकवर उचलून हे मोजू नका. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असताना डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, फेऱ्यांची संख्या चुकीची येते.) आता हिशेब सोपा. ताशी ५५ म्हणजे सेकंदाला सुमारे १५.३ मीटर. टायर सेकंदाला पावणेपाच फेरे मारतो, शाफ्ट २८ ते २९. टायरचा दोष असेल तर हादरा सेकंदाला पाचेक वेळा बसेल, तो अंगाला डुलल्यासारखा कळतो. शाफ्ट वाकलेला किंवा असंतुलित असेल तर सेकंदाला २८-२९ वेळा. आणि क्रॉसच्या कोनात दोष असेल तर त्याच्या दुप्पट, ५७ च्या आसपास. कारण कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात पलीकडच्या शाफ्टला दोनदा वेग देतो आणि दोनदा रोखतो.

मोबाइलवर फायफॉक्स हे आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप घेतलं, फोन केबिनच्या फ्लोअरला घट्ट चिकटवला. गाडी चुलतभाऊ चालवत होता. आलेखात सगळ्यात उंच टोक ५७ च्या जवळ, २८ वर अगदी लहानसं. फोन सेकंदाला निदान दोनशे नोंदी घेणारा हवा. शंभरच घेत असेल तर पन्नासच्या वरचं खरं दिसत नाही.

मग गाडीखाली गेलो. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय खाली जायचं नाही, आणि शाफ्ट सोडायचा असेल तर नक्कीच नाही. शाफ्ट सुटला की गाडी गिअरवर थांबत नाही. मागच्या क्रॉसच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसली, म्हणजे आत ग्रीस पोहोचत नव्हतं. शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या स्लिप जॉइंटवरचे बाण समोरासमोर होते, म्हणजे शाफ्ट चुकीच्या दातावर बसवलेला नव्हता. शाफ्टवरचे बॅलन्सिंगच्या वजनाचे तुकडे जागेवर होते. शाफ्टच्या पुढच्या आणि मागच्या तुकड्याला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर मात्र दबलेलं होतं.

चुंबकाने चिकटणारं कोन मोजायचं डिजिटल यंत्र दीड हजाराच्या आत मिळतं. रिकाम्या गाडीवर मोजलं तर पुढच्या शाफ्टचा उतार ३.५ अंश, मागच्याचा ९, पिनियनचा (मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमधला, शाफ्टने फिरणारा गिअर) ५.८. म्हणजे मधल्या क्रॉसचा कोन ५.५ आणि पिनियनजवळच्या क्रॉसचा ३.२. हे दोन कोन सारखे असले की एकाने दिलेला झटका दुसरा फेडतो. एक अंशापेक्षा जास्त फरक नको, इथे सव्वादोन. माल भरल्यावर मागचा शाफ्ट ६ अंशांवर येतो, कोन २.५ आणि ०.२. फरक तोच, पण उरणारा झटका कोनांच्या वर्गांमधल्या फरकाप्रमाणे बदलतो, म्हणून भरलेली गाडी शांत वाटते.

हे ०.२ फार वाईट. कोन अर्ध्या अंशाच्या खाली गेला की क्रॉसच्या आतल्या बेअरिंगच्या सुया फिरतच नाहीत, एकाच जागी घासतात. क्रॉस काढला तेव्हा त्यावर नखाला लागतील अशा समांतर चऱ्या होत्या. गाडीची बरीचशी वर्षं भरलेली चालण्यात गेली, त्याची ती खूण. नुसता क्रॉस बदलला असता तर नवाही त्याच वाटेने गेला असता.

कारण कमानींत सापडलं. आधीच्या मालकाने वजनासाठी जादा पाटे (कमानीच्या पट्ट्या) घातले होते आणि हाउसिंगखालची, पिनियनचा कोन ठरवणारी पाचर तशीच ठेवली होती. जादा पाटे काढले, पाचर बदलली, यू बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळले, सेंटर बेअरिंग आणि मागचा क्रॉस नवा, शाफ्ट मशिनवर बॅलन्स करून. आता रिकाम्या गाडीवर कोन ३.५ आणि ३.२ आहेत. पाटे कमी झाल्याने माल पूर्वीइतका टाकता येत नाही, आणि कायद्याने तो टाकायचाही नव्हता.

त्यानंतर कांद्याचा अख्खा हंगाम गेला. पंचावन्नला केबिन शांत आहे, परतीच्या रिकाम्या फेरीतही. आलेखात ५७ चं टोक बारीक झालंय. ग्रीसिंगला मी आता स्वतः उभा राहतो आणि चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन थांबू देत नाही. एकाच कपातून आलं तर बाकीचे कोरडे आहेत असं समजायचं. शाफ्टखाली लोखंडी पट्टीही लावून घेतली. पुढचा क्रॉस धावत्या गाडीत तुटला आणि शाफ्टचं टोक रस्त्यात रुतलं तर गाडी उलटू शकते, त्या पट्टीचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ती रिकामीच चालवून बघा, आणि पाटे मोजा.

एक गोष्ट बाकी आहे. कसारा उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की हाउसिंगमधून बारीक घुमणारा आवाज येतो. ऑइल बदललं तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक भुकटी होती, कडक तुकडे नव्हते. मिस्त्रींच्या मते पिनियनच्या बेअरिंगचा ताण सैल झालाय. पावसाळ्यात भाडी कमी असतात, तेव्हा हाउसिंग उघडणार आहोत.