डिजिकॅममधले फोटो वायरशिवाय टीव्हीवर : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फोटो टीव्हीवर बघायचे म्हटलं की घरोघरी दोनच गोष्टी होतात. कोणीतरी पेनड्राइव्ह शोधायला लागतं, नाहीतर फोनची स्क्रीन टीव्हीवर टाकली जाते. पेनड्राइव्हमध्ये अख्खा फोल्डर जसाच्या तसा जातो. एकाच क्षणाचे सात-आठ सारखे फोटो, कोणाच्या तरी औषधाची चिठ्ठी, गुड मॉर्निंगची फुलं, सगळंच. स्क्रीन टाकली तर फोन अडकून पडतो आणि मध्येच कॉल आला की फोटो गायब. शिवाय मिराकास्टमध्ये, म्हणजे फोनची स्क्रीन वायरशिवाय टीव्हीवर टाकण्याच्या पद्धतीत, फोटोसुद्धा व्हिडिओ म्हणून दाबून पाठवला जातो, त्यात बारकावे पुसट होतात. मला हवं होतं ते साधं होतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी फोटो निवडते, माणसांची नावं लावते, तारखा नीट करते, तिथूनच ते थेट टीव्हीवर दिसावेत. डिजिकॅम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे आणि आता आमच्याकडे तिची चांगलीच सवय झाली आहे.

ज्यांनी डिजिकॅम वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या समुदायाच्या परिवारातलं मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००१ पासून घडत आलेलं. लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हीवर चालतं. टीव्हीवर फोटो पाठवायची सोय त्यात २०१२ च्या गूगल समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमातल्या एका विद्यार्थ्याच्या कामातून प्लगइन म्हणजे जोड-सॉफ्टवेअर म्हणून आली. पुढे २०१८ च्या ५.८ आवृत्तीत ती नव्याने लिहून मूळ सॉफ्टवेअरमध्येच घेतली. त्यासाठी वापरलेली प्लॅटिनम नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) कोडी या मीडिया प्लेअरमध्येही आहे.

काम चालतं ते डीएलएनए पद्धतीने, म्हणजे घरातल्या उपकरणांनी एकमेकांना फोटो-व्हिडिओ देण्याच्या एका मानकाने. संगणक घरातल्या नेटवर्कवर ‘माझ्याकडे फोटो आहेत’ असं जाहीर करतो, टीव्ही ते ऐकतो आणि आपल्या सोर्सच्या यादीत त्याचं नाव दाखवतो. सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांनी २००३ मध्ये एकत्र येऊन हे मानक सुरू केलं. २०१७ मध्ये ती संस्था विसर्जित झाली, तरी अनेक टीव्हींमध्ये ही सोय अजून मिळते. इंटरनेट लागत नाही, कुठलं खातं उघडावं लागत नाही, फोटो घराबाहेर जात नाहीत. इंटरनेटची लाइन बंद असली तरी राउटर चालू असला की झालं.

मला यातली सगळ्यात मोलाची वाटली ती टॅगची, म्हणजे फोटोला लावायच्या नावाच्या खुणेची सोय. शेअर करताना अल्बम निवडता येतात तसे टॅगही निवडता येतात. डिजिकॅम चेहरे शोधतं, आपण नाव दिलं की ते टॅग होतं. म्हणजे ‘आत्या’ हा टॅग शेअर केला, की वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या फोल्डरमधल्या फोटोंतली आत्या टीव्हीवर एका ठिकाणी येते. मी ‘टीव्ही’ असाच एक टॅग केला आहे. चाळताना जो फोटो सगळ्यांनी बघावासा वाटेल त्याला तो लावायचा. त्यामुळे सहलीचा चारशे फोटोंचा फोल्डर टीव्हीवर तीस-पस्तीस फोटोंचा होतो, आणि तीस-पस्तीस फोटो घरातली माणसं शेवटपर्यंत बघतात.

आईचा अनुभव सांगते. तिच्या लग्नाचे काळे-पांढरे फोटो मी ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले आहेत. साडेतीन बाय पाच इंचाचा फोटो असा स्कॅन केला की साधारण २१०० बाय ३००० पिक्सेलचा होतो. ४के टीव्हीची उंची २१६० पिक्सेल, म्हणजे आडवा फोटो जवळजवळ जसाच्या तसा बसतो, ताणावा लागत नाही. हातात धरलेल्या फोटोत जे कधी दिसलं नव्हतं ते ४३ इंची पडद्यावर दिसलं: मुंडावळ्यांचे मणी, मागच्या रांगेत अर्धवट झाकलेले चेहरे, कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का. ‘थांब गं, मागचा दाखव परत,’ असं ती दोनदा म्हणाली आणि तिसऱ्यांदा रिमोट स्वतःकडे घेतला. मागच्या रांगेतल्या एका बाईंचं नाव तिने सांगितलं, ते मी तिथल्या तिथे लॅपटॉपवर टॅगमध्ये लिहिलं. टीव्ही आणि फोटोंची नोंद एकाच सॉफ्टवेअरला जोडलेली असण्याचा फायदा हाच. बघताना निघालेली माहिती हवेत विरत नाही.

आता अडचणी, कारण त्या पहिल्या आठवड्यातच समोर येतात.

पहिली, टीव्हीला संगणक सापडतच नाही. बहुतेक वेळा दोष राउटरच्या सेटिंगमध्ये असतो. हे ‘जाहीर करणं’ मल्टिकास्टने, म्हणजे एकच संदेश एका वेळी अनेक उपकरणांना पाठवून होतं आणि कित्येक राउटरमध्ये एपी आयसोलेशन (वायफायवरची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणारं सेटिंग) चालू असेल तर एक उपकरण दुसऱ्याला दिसत नाही. गेस्ट वायफायवर तर ते मुद्दामच तोडलेलं असतं. टीव्ही आणि संगणक एकाच मुख्य नेटवर्कवर हवेत. विंडोजवर फायरवॉलने विचारल्यावर खासगी नेटवर्कसाठी परवानगी द्यायची आणि घरचं वायफाय ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदलेलं नाही ना, ते बघायचं.

दुसरी, फॉरमॅट. डिजिकॅम मूळ फाइल जशी आहे तशी देतं, वाटेत बदलून देत नाही. टीव्ही जेपेग घेतो. आयफोनच्या एचईआयसी फॉरमॅटमधले फोटो आणि कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइल आमच्या टीव्हीवर उघडत नाहीत. डीएलएनएच्या मानकातही सगळ्यात मोठा जेपेग ४०९६ बाय ४०९६ पर्यंतच धरलेला आहे, त्यामुळे ४८ मेगापिक्सेलचा फोटो उघडायला वेळ लागला किंवा उघडलाच नाही तर नवल नाही. यावर डिजिकॅममधलाच बॅच क्यू मॅनेजर (एकदम अनेक फोटोंवर तेच काम करणारं टूल) चालवायचा: जेपेगमध्ये रूपांतर, लांब बाजू ३८४०, वेगळ्या अल्बममध्ये साठवण. मूळ फोटोला हात लागत नाही आणि टीव्हीवर फोटो झटपट बदलतात.

तिसरी, आडवे पडलेले फोटो. फोन उभा धरून काढलेल्या फोटोत ‘हा फिरवून दाखवा’ अशी फक्त खूण असते, ती आमचा टीव्ही वाचत नाही. डिजिकॅमच्या मेटाडेटा सेटिंगमध्ये फिरवण्याची पद्धत निवडता येते, तिथे खुणेऐवजी प्रत्यक्ष पिक्सेल फिरवायला सांगायचं. तरीही उभा फोटो टीव्हीच्या रुंदीचा निम्म्याहून कमी भाग व्यापतो, बाकी काळं. सहलीला गेल्यावर आता मी फोन आडवाच धरते.

चौथी म्हणजे क्रम, आणि हिने मला सगळ्यात जास्त दमवलं. आमचा टीव्ही फाइलच्या नावावरून क्रम लावतो. एकाच समारंभात कॅमेऱ्याचे फोटो डीएससी नावाने आणि फोनचे आयएमजी नावाने असतील, तर आधी कॅमेऱ्यातलं सगळं लग्न दिसतं आणि वरात निघून गेल्यावर फोनमधली हळद सुरू होते. सगळे फोटो निवडून एफ२ दाबायचं आणि काढल्याची तारीख-वेळ हेच नाव द्यायचं, की प्रश्न मिटतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचं मात्र वेगळं बघावं लागतं, कारण त्यांतली काढल्याची तारीख पुसलेली असते. फाइलच्या नावात निदान दिवस असतो. तारीख दुरुस्त करण्याच्या टूलला तो नावातून उचलायला सांगता येतं. वेळ हाताने टाकावी लागते, आणि महत्त्वाच्या फोटोंना मी ती टाकते.

काही गोष्टी या पद्धतीत होतच नाहीत, हेही माहीत असू द्या. डिजिकॅम बंद केलं की टीव्हीवरची यादीही गेली. ते सुरू होताच सर्व्हर आपोआप सुरू व्हावा असा पर्याय आहे, तो मी चालू ठेवला आहे, पण संगणक चालू हवाच. स्लाइड शोचा वेग, पार्श्वसंगीत, एकातून दुसऱ्यात विरघळणारे फोटो हे सगळं टीव्हीच्या हातात असतं. डिजिकॅममध्ये लिहिलेल्या ओळी आमच्या टीव्हीवर फोटोखाली दिसत नाहीत आणि मला हीच उणीव सगळ्यात जास्त जाणवते. ‘१९७४, पन्हाळा’ एवढं जरी खाली आलं असतं तरी आईला दर वेळी सांगावं लागलं नसतं. तोवर मी गाव आणि साल अल्बमच्या नावातच लिहिते. देवनागरी नावं टीव्हीवर दिसतात, जोडाक्षरं मात्र तुटतात.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. यात पासवर्ड नसतो. त्याच वायफायवर असलेला कोणीही शेअर केलेले फोटो बघू शकतो. आपल्या फोनच्या फोल्डरमध्ये आधार कार्ड, पासबुक, तपासणीचे रिपोर्ट यांचे फोटो सर्रास असतात, म्हणून अख्खा फोल्डर कधीही शेअर करू नका. निवडलेला टॅग किंवा अल्बम तेवढाच द्या, आणि पाहुण्यांना गेस्ट वायफायचा पासवर्ड द्या.

ज्यांचे सगळे फोटो क्लाउडवरच आहेत त्यांना कास्ट करणं सोपं पडेल, त्यांनी या खटाटोपात पडू नये. ज्यांच्याकडे हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षांचे फोटो आहेत, स्कॅन केलेले जुने अल्बम आहेत आणि बसून टॅग लावण्याची तयारी आहे, त्यांनी हे नक्की करून बघावं. आधी टीव्हीच्या सोर्सच्या किंवा मीडिया प्लेअरच्या यादीत नेटवर्कवरची उपकरणं दिसतात का, ते तपासा. दिसत असतील तर दहा फोटोंचा एक अल्बम शेअर करून बघा. त्यात एक उभा फोटो, एक एचईआयसी आणि एक व्हॉट्सॲपवरून आलेला जरूर असू द्या, म्हणजे तुमचा टीव्ही कुठे अडतो ते पहिल्याच संध्याकाळी कळेल.