पाच महिने लाइव्ह हॉरर सिरीज बघून, मतं देऊन झाल्यावरचा अनुभव

लालबागला वन रूम किचनमध्ये आई, ताई आणि मी. बघणाऱ्यांच्या मतांवर पुढची गोष्ट ठरते अशी एक अमेरिकन सिरीज ऑक्टोबरपासून बघतोय. नाव लिहीत नाही, कारण तक्रार पैशांच्या पद्धतीबद्दल आहे आणि तसे ॲप बरेच आहेत.

लाइव्ह एपिसोड न्यूयॉर्कच्या रात्री नऊला, म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. आमच्याकडे ती पाण्याची वेळ, आई पिंप भरतेय, नळाचा आवाज, आणि आपण भुताचं बघतोय, भीती वाटणारच नाही असं वाटलेलं पण वाटली, चांगलीच वाटली. नोव्हेंबरात न्यूयॉर्कची घड्याळं तासभर मागे गेली तसे साडेसात झाले, म्हणजे मी करी रोडला स्लो लोकल पकडायच्या वेळेला, मग लाइव्ह फक्त रविवारी. मार्चमध्ये परत साडेसहा.

लाइव्ह म्हणतात पण सगळ्यांना एकाच क्षणी दिसत नाही हे आधीच सांगतो. व्हिडिओ छोट्या छोट्या तुकड्यांत येतो आणि प्रत्येक डिव्हाइस आधी थोडे तुकडे साठवून मग चालवतं. मी टीव्हीवर, ताई किचनमध्ये मोबाईलवर, ती किंचाळायची आणि मला कळायचं की आता काहीतरी येणार, ते यायला वीसेक सेकंद. एकाच स्क्रीनवर बघा आणि चॅट बंदच ठेवा.

आता मुख्य. गोष्टीत तळघरात अडकलेला धाकटा भाऊ, दार उघडायचं की नाही, मत द्यायला पूर्ण दिवस. रात्री झोपलो तेव्हा 'उघडू नका' पुढे होतं, सकाळी बघतो तर मागे, दार उघडलं आणि तो गेला. लेखकाने मारला असता तर त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो, पण इथे आपल्यासारख्याच माणसांनी मारला, आणि ताईने उघडायलाच मत दिलेलं. ती दिवसभर गप्प होती. असली भीती मला साध्या हॉररमध्ये कधी वाटली नाही.

बरेच जण म्हणतात काहीही निवडा, गोष्ट तिथेच येते. येते, पण त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. दोन पर्यायांचे दहा निर्णय कुठेच परत जुळवले नाहीत तर 1024 शेवट होतात, कोण बनवणार? 1967 ला माँट्रियलच्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनात चेक लोकांनी किनोऑटोमॅट नावाचा, प्रेक्षकांच्या मतांवर चालणारा सिनेमा दाखवला, खुर्चीला लाल-हिरवी बटणं, दोन प्रोजेक्टर एकदम चालू, मत पडेल तो दाखवायचा, तरी शेवट एकच. फक्त आपल्या निवडीची खूण मागे राहायला हवी. इथे त्या भावाचा कोट दाराजवळ कितीतरी एपिसोड तसाच लटकत होता, एकदा त्याच्या आईने तो काढायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. त्या सीनसाठी मी ह्यांना सगळं माफ केलं असतं.

पण पॉइंट नाही माफ. एका माणसाला एक मत नाही, जितके पॉइंट लावाल तितकं वजन, आणि पॉइंट रोज कोडी सोडवून मिळतात नाहीतर विकत. मी आठवडाभर जमवलेले कोणीतरी एका मिनिटात विकत घेऊन मागे टाकणार, मग ते दार सगळ्यांनी मिळून उघडलं असं कसं म्हणायचं? पास विका, जुने एपिसोड विका, मत विकू नका.

पैसे भरलेले नाहीत, भरणारही नाही. बघणं चालू आहे, उद्या सकाळपर्यंत गोष्टीतल्या आईबद्दलचं मत उघडं आहे आणि ताई म्हणतेय ह्या वेळी आधी बोलून ठरवू.