हप्त्यांवरचा नवा फोन, की रोखीने घेतलेला वापरलेला फोन आणि प्रीपेड सिम?

पंधरा हजारांच्या आसपास रक्कम मनात धरून सोलापूरच्या नवी पेठेत फोन पाहायला गेलेल्या माणसासमोर आज साधारणपणे दोन वाटा असतात. एक तर दुकानातच टेबल मांडून बसलेल्या फायनान्स कंपनीच्या प्रतिनिधीला आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील देऊन नवा कोरा फोन हप्त्यांवर घ्यायचा आणि जमल्यास सोबत पोस्टपेड जोडणी ठेवायची. नाही तर दोन-तीन वर्षे वापरलेला, पण मुळात वरच्या श्रेणीतला आणि कोणतेही लॉक नसलेला फोन रोखीने घेऊन त्यात प्रीपेड सिम घालायचे. मी चादरी आणि टॉवेलच्या घाऊक व्यापारात आहे, दिवसभर फोनवरच काम चालते, आणि या दोन्ही वाटांनी मी गेलेलो आहे. त्यामुळे खालील मजकुरात मोजमापापेक्षा अनुभव अधिक आहे, हे आधीच सांगतो.

नव्या फोनच्या बाजूने जे बोलले जाते ते बहुतेक खरेच आहे. वर्षभराची वॉरंटी असते, बॅटरी ताजी असते, पूर्वी तो कोणी आणि कसा वापरला याचा विचार करावा लागत नाही. ‘नो कॉस्ट’ म्हणवणाऱ्या हप्त्यांत प्रक्रिया शुल्क असते आणि रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट बहुधा मिळत नाही, हे धरूनही एकरकमी पैसे न मोडण्याची सोय छोट्या धंदेवाल्याला मोलाची वाटते, आणि त्यात गैर काही नाही.

माझा निर्णय किमतीवरून झाला नाही. हप्त्यांवर दिल्या जाणाऱ्या अनेक फोनमध्ये कर्ज देणारी कंपनी स्वतःचे एक लॉक बसवते. हप्ता थकला तर फोन दुरूनच बंद करता यावा, हा त्यामागचा हेतू. आणि ज्याने पैसे दिले आहेत त्याच्या बाजूने पाहिले तर तो समजण्याजोगा आहे. मात्र माझा एकही हप्ता थकला नव्हता, तरीही तारीख जवळ आली की पूर्ण पडदा व्यापणारी आठवण उमटत असे, आणि ती नेमकी कधी उमटेल याचा नेम नसे. समोर गिऱ्हाईक बसलेले आहे, मी त्याला नव्या डिझाइनचे फोटो दाखवण्यासाठी फोन त्याच्या हातात दिलेला आहे, आणि फोटोऐवजी त्याला माझ्या हप्त्याची रक्कम वाचायला मिळते आहे, हा प्रकार एकदा घडला तर हसून सोडून देता येतो. पण व्यापारात समोरच्याने आपल्या ऐपतीचा अंदाज घेणे चालूच असते, आणि त्याला ही माहिती माझ्याच फोनने पुरवावी हे मला दर महिन्याला खुपत राहिले. शेवटचा हप्ता गेल्यानंतरही ना-हरकत दाखला येऊन लॉक निघेपर्यंत पाठपुरावा करावा लागला. कर्जाची रक्कम फिटली होती, पण फोन पुरता माझा झाला नव्हता. सर्वच कंपन्यांची पद्धत अशी असेल असे मी म्हणणार नाही. कागदावर सही करण्यापूर्वी लॉक आहे का, ते काय काय करू शकते आणि केव्हा निघते, एवढे विचारून घ्यावे.

त्यानंतर मी वापरलेला फोन घेतला. त्याच रकमेत मिळणाऱ्या नव्या फोनच्या तुलनेत पहिला फरक जाणवला तो कॅमेऱ्यात. आमच्या धंद्यात व्हॉट्सअॅपवरून गेलेल्या फोटोतला रंग आणि प्रत्यक्ष मालाचा रंग यांत अंतर पडले की वाद होतो. स्वस्त नव्या फोनवर मरून आणि राणी हे दोन रंग ट्यूबलाइटच्या उजेडात जवळपास एकच दिसत, वापरलेल्या वरच्या श्रेणीतील फोनवर ते वेगळे दिसू लागले आणि रंगावरून येणारे उलट फोन पुष्कळ कमी झाले. दुसरा फरक लॉक पडद्यावरील जाहिरातींचा. स्वस्त नव्या फोनमध्ये त्या बंद करायला सेटिंगमध्ये शोधाशोध करावी लागते. माझ्या वापरलेल्या फोनमध्ये त्या मुळातच नव्हत्या.

अर्थात वापरलेला फोन घेताना जी तपासणी करावी लागते, ती नव्या फोनच्या गिऱ्हाइकाला करावी लागत नाही, आणि खरा कस इथेच लागतो. लॉकचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिले नेटवर्कचे लॉक. भारतात विकलेल्या फोनवर ते क्वचितच असते, परंतु परदेशातून आलेल्या फोनवर असू शकते. आयफोनमध्ये सेटिंगमधील ‘अबाउट’ या भागात ‘कॅरिअर लॉक’समोर कोणतेही सिमबंधन नाही असे लिहिलेले दिसले पाहिजे, अँड्रॉइडमध्ये आपले सिम घालून पाहणे हाच सोपा उपाय. दुसरे जुन्या मालकाच्या गुगल किंवा अॅपल खात्याचे लॉक, जे त्याने स्वतः खाते काढल्याशिवाय निघत नाही. तिसरे वर सांगितलेले फायनान्सचे लॉक, आणि वापरलेल्या बाजारात सर्वांत फसवे हेच आहे. कारण हप्ते चालू असलेला फोन कोणी विकला, तर तो विकत घेतेवेळी उत्तम चालतो आणि पुढचा हप्ता थकल्यावर आपल्या हातात बंद पडतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यासमोरच फोन फॅक्टरी रिसेट करून, वाय-फायला जोडून, पहिल्यापासून सुरू करून पाहावा. रिसेटनंतरही खात्याची मागणी झाली किंवा कर्ज कंपनीचे अॅप आपोआप परत आले, तर तो फोन तिथेच ठेवून यावे. याला आक्षेप घेणाऱ्या दुकानदाराशी मी व्यवहार करत नाही.

त्याच वेळी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून मिळणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलावरील आणि खोक्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि ‘केवायएम’ असे इंग्रजी अक्षरांत लिहून, पुढे जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवून फोन रोखलेला नाही ना ते पाहावे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, जे मे २०२३ मध्ये देशभरासाठी सुरू झाले, हीच तपासणी करता येते. चोरीची किंवा हरवल्याची तक्रार नोंदवून रोखलेला फोन देशातील कोणत्याच कंपनीच्या जाळ्यावर चालत नाही, आणि कोणी त्यात सिम घातले तर त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचू शकतो. यात्रा-जत्रांच्या गर्दीत हरवलेले फोन शेवटी कोणाच्या तरी काउंटरवर येतातच. बिल नसलेला फोन कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, हे माझे मत मी सहसा बदलत नाही.

आता प्रीपेडशी थेट संबंध असलेली बाब. परदेशातून आलेले फोन त्याच मॉडेलच्या भारतीय फोनपेक्षा स्वस्तात मिळतात, आणि ‘अनलॉक आहे, कोणतेही सिम चालेल’ असे सांगून ते विकले जातात. सिम चालते याचा अर्थ कॉल लागतो असा नाही. जिओकडे टूजी आणि थ्रीजीचे जाळे नाही, त्यामुळे तिथे आवाजाचा कॉल फोरजीवरून, म्हणजे व्होल्टीनेच, किंवा फाइव्हजीवरून होतो. फोनमध्ये त्या कंपनीसाठी व्होल्टी चालू होत नसेल तर इंटरनेट धावते आणि नेहमीचा कॉल मात्र होत नाही. एअरटेल आणि व्हीआय यांचे टूजी अजून असल्यामुळे तिथे कॉल खालच्या जाळ्यावर उतरतो, पण बोलणे चालू असताना इंटरनेट थांबते. बँडचे, म्हणजे कंपनी ज्या लहरींच्या पट्ट्यावर सेवा देते त्याचेही, असेच आहे. बीएसएनएलचे फोरजी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्‌झवर आहे, आणि ७०० चा बँड २८ नसलेला फोन त्या सेवेतील ७०० ची लहर पकडू शकत नाही. भिंतींतून आत शिरण्याची ताकद खालच्या बँडकडे असते, आणि आमच्यासारख्या जुन्या पेठेतील जाड दगडी भिंतींच्या गाळ्यात बसणाऱ्याला हा फरक टॉवर जवळ असूनही जाणवतो. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनला तर सिमची जागाच नाही, सर्व कारभार ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमवर. म्हणून वापरलेला घ्यायचा तर भारतीय मॉडेलच घ्यावे, आणि दुकानातून निघण्यापूर्वी आपल्याच सिमवरून एक कॉल करून, तो चालू असताना पडद्याच्या वरच्या कडेला व्होल्टीची खूण टिकते का ते पाहावे.

बॅटरीबाबत सोलापूरकराला दोन शब्द अधिक सांगावे लागतील. इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो, आणि लिथियम बॅटरीला उष्णतेइतके मारक दुसरे काही नसते. इथेच वापरलेला फोन त्यामुळे वयापेक्षा थकलेला निघू शकतो. आयफोनमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दिसते. ती ८० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावातून वजा करून मागावा. बॅटरी बदलण्यासाठी उघडलेल्या फोनच्या पाणीरोधकपणावर पुढे भिस्त ठेवू नये.

सुरक्षा अद्यतनांचा हिशेब खरेदीच्या दिवसापासून न करता मॉडेल बाजारात आले त्या वर्षापासून करावा लागतो. २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या गॅलेक्सी एस२२ ला सॅमसंगने पाच वर्षांची सुरक्षा अद्यतने जाहीर केली होती, म्हणजे ती २०२७ च्या सुरुवातीपर्यंतची. एस२४ ला मात्र सात वर्षांची आहेत. ज्याच्या फोनवर यूपीआय आणि बँकेची अॅप आहेत त्याने किमान दोन वर्षे शिल्लक असलेलेच मॉडेल निवडावे. या एका मुद्द्यावर नवा फोन उजवा ठरू शकतो, हे मान्य करायला हवे. अर्थात स्वस्त नव्या फोनलाही अद्यतने फार वर्षे मिळतातच असे नाही.

राहिला प्रीपेड की पोस्टपेड हा प्रश्न. पोस्टपेडमध्ये रिचार्ज संपल्याने ऐन वेळी फोन मुका होत नाही, आणि कुटुंबातील चार क्रमांक एका बिलात बसतात. ज्यांना कंपनीकडून खर्च परत मिळतो त्यांच्यासाठी ते सोयीचेच आहे. प्रीपेडच्या विरोधात २८ दिवसांच्या मुदतीचा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे, कारण त्या हिशेबाने वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज पडतात. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांची योजना ठेवायला सांगितले आहे, तरी मी स्वतः ८४ दिवसांची किंवा वर्षाची योजना पसंत करतो. ट्रायच्याच डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर केवळ कॉल आणि संदेश देणाऱ्या योजनाही आल्या आहेत, आणि दोन सिमच्या फोनमध्ये त्यांचा चांगला उपयोग होतो: बँकेशी जोडलेला जुना क्रमांक अशा योजनेवर जिवंत ठेवायचा आणि इंटरनेटचे ओझे दुसऱ्या सिमवर टाकायचे. जिओ आणि एअरटेलचे अमर्याद फाइव्हजी जुलै २०२४ मध्ये रोज २ जीबी किंवा त्याहून अधिकच्या योजनांपुरते मर्यादित झाले, म्हणून आपल्या योजनेत ते आहे का हे रिचार्ज निवडताना पाहून घ्यावे.

माझ्या गाळ्यात ज्या कंपनीची रेंज एकेकाळी उत्तम होती ती पुढे दुपारनंतर मरू लागली, तेव्हा मी १९०० वर पोर्टचा संदेश पाठवून क्रमांक दुसरीकडे नेला. प्रीपेडमध्ये त्यासाठी त्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असले की पुरते. पोस्टपेडमध्ये आधी थकलेले बिल चुकते करावे लागते. फोन कोणाच्याच लॉकखाली नसल्यामुळे नवे सिम घातले आणि काम पुढे चालू झाले. दुधनी किंवा विजयपूरकडे गेल्यावर कर्नाटकातील टॉवर लागला तरी आजच्या योजनांत रोमिंगचा वेगळा आकार लागत नाही, त्यामुळे सीमेवर फिरणाऱ्यांनीही प्रीपेडची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

तरीही ज्यांचा फोन दिवसभर दुचाकीच्या हँडलवर उन्हात असतो, किंवा ज्यांना तपासणीची ही उठाठेव करायला वेळ आणि सोबत जाणकार माणूस नाही, त्यांनी नवा फोन घ्यावा. शक्य असेल तर रोखीने, नाही तर क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर, कारण त्या हप्त्यांसाठी फोनमध्ये सहसा लॉक बसवले जात नाही. सिम मात्र त्यांनीही प्रीपेडच ठेवावे, असे मी सुचवेन.