भुशाची पिशवी की सायक्लोनची बादली?

लाकूड कापायला टेबल सॉ आला, खाचा पाडायला राउटर आहे, घासायला सँडर आहे, आणि आता खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर पिवळसर थर बसायला लागलाय. घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्याची गाडी इथे आली की बाजारात दोन वाटा दिसतात. एक, दोन एचपीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर. दुसरी, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा वेट-ड्राय व्हॅक्यूम आणि त्याच्या अलीकडे सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारं नरसाळं, बसवलेली बादली.

नाशिकला आमच्या रो-हाउसचं पार्किंग शटर लावून बंद केलंय, तीच माझी कार्यशाळा. व्हॅक्यूम आणि सायक्लोन माझे स्वतःचे. कलेक्टर मित्राचा. त्याचं घर बदलायचं चाललं होतं तेव्हा तो पूर्ण पावसाळा आणि पुढेही बरेच महिने माझ्याकडे होता, आणि मी तो मनसोक्त वापरला. परत नेताना मित्र म्हणाला, "हवा तर ठेव, अर्ध्या किमतीत देतो." मी नको म्हटलं. का, ते सांगतो. पण तुमची यंत्रं वेगळी असतील तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

या दोन यंत्रांपैकी एक मोठं आणि एक लहान, असं समजून तुलना केली की घोळ होतो. त्यांचा स्वभावच वेगळा आहे. व्हॅक्यूममध्ये ओढ जबरदस्त, पण हवा थोडी. कलेक्टरमध्ये हवा भरपूर, पण ओढ नाजूक. चांगल्या व्हॅक्यूमवर 20 किलोपास्कलच्या आसपासचा दाब आणि सेकंदाला 65 लिटर हवा असे आकडे असतात. म्हणजे साधारण 140 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). दोन एचपीच्या कलेक्टरच्या खोक्यावर 1000-1200 सीएफएम छापलेलं असतं, आणि दाब मात्र व्हॅक्यूमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

खोक्यावरचा 1200 हा आकडा पाइप न जोडता, बऱ्याचदा पिशवीही न लावता काढलेला असतो. लाकडाचा भुसा पाइपात खाली न बसता पुढे जायचा तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे 20 मीटर लागतो. त्या वेगाने 4 इंची पाइपातून साधारण 350 सीएफएम हवा जाते आणि 6 इंचीतून 785. म्हणजे 4 इंची होज, म्हणजे लवचिक नळी, लावलात की मोटर कितीही मोठी असो, तुमची गाठ त्या पाइपाशी आहे. त्यात वळ्या-वळ्यांचा लवचिक होज असेल तर घर्षण गुळगुळीत पाइपाच्या कितीतरी पट. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सांडपाण्याचा 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो, तो लांब पल्ल्याला लावा आणि यंत्राजवळ फक्त हातभर होज ठेवा. वळणावर सरळ टी न घेता तिरका वाय घ्या. एवढ्यानेच फरक हाताला जाणवतो.

अमेरिकन मंडळींचे व्हिडिओ पाहून कलेक्टर निवडत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तिकडची वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. इंडक्शन मोटर त्या प्रमाणात हळू फिरते आणि पंख्याची हवाही त्याच प्रमाणात घटते. तोच पंखा, तेच मॉडेल, तरी सहावा हिस्सा हवा कमी. हे कोणी दुकानदार सांगत नाही.

आता एकेक यंत्र घेऊ. रंधा मशीन, म्हणजे फळीची जाडी काढणारं थिकनेसर, तुमच्याकडे असेल आणि रोज चालत असेल, तर पुढचं फार वाचायची गरज नाही, कलेक्टर घ्या. रंध्याच्या साली आकाराने मोठ्या, वजनाला हलक्या आणि संख्येने अफाट. सागाची एक लांब फळी दोनदा फिरवली तरी 20 लिटरची बादली काठोकाठ भरते, आणि बादली भरल्याचं कळायच्या आत साली वर चढून थेट व्हॅक्यूमच्या फिल्टरला भिडतात. त्याआधी सायक्लोनच्या तोंडाशी, होज जिथे निमुळता होतो तिथे, त्या आडव्या अडकतात आणि बोळा होतो. कलेक्टर त्या सहज गिळतो. या कामात त्याला तोड नाही आणि मी उगाच तसं भासवणारही नाही.

टेबल सॉवर सामना जवळपास बरोबरीचा. खालून बंद पेटीचा भारी सॉ असेल तर 350-400 सीएफएम तरी हवेच. बिल पेंट्झ यांच्या सायक्लोनच्या आकृत्यांवरून जगभरचे हौशी सुतार सायक्लोन बनवतात. त्यांचा आग्रह मोठ्या यंत्राला 1000 सीएफएमचा असतो, आणि त्यांच्या हिशेबाने 4 इंची पाइप मुळातच अपुरा. पण घरी आपल्यापैकी बहुतेकांकडे असतो तो छोटा, उचलून ठेवता येणारा सॉ. त्याच्या पात्याभोवती प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि मागे अडीच इंची तोंड. त्या तोंडाला व्हॅक्यूम लावला की खालचा भुसा छान जातो. वरून पात्याच्या दातांसोबत जी धूळ तुमच्या छातीकडे फेकली जाते ती दोघांपैकी कोणीच पकडत नाही. तिच्यासाठी पात्यावर वेगळं हूड लागतं.

सँडर आणि राउटर मात्र सरळसरळ व्हॅक्यूमचे. सँडरचं तोंड अंगठ्याएवढं. तिथे कलेक्टरचा 4 इंची होज कपलर लावून आवळला की त्याची नाजूक ओढ तिथेच संपते, हवा जवळजवळ येतच नाही. व्हॅक्यूमचा जोर अशाच चिंचोळ्या वाटेसाठी असतो. आणि खरी वाईट धूळ सँडिंगचीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, मुख्यतः नाक आणि सायनसच्या कर्करोगासाठी. डोळ्यांना दिसणारा, झाडूने गोळा होणारा भुसा फुप्फुसात जात नाही. जाते ती 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालची भुकटी, जी उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसते आणि काम थांबल्यावरही तासन्‌तास खाली बसत नाही.

ही भुकटी उगमापाशीच पकडावी लागते, कारण शोषणाचा जोर तोंडापासून फार भरभर ओसरतो. पाइपाच्या व्यासाइतकं अंतर दूर गेलात की हवेचा वेग तोंडापाशी होता त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होतो. 4 इंची होज यंत्रापासून 4 इंच लांब टांगून ठेवला तर त्याचा उपयोग जवळजवळ संपला. म्हणून किती सीएफएम यापेक्षा किती जवळ हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. व्हॅक्यूमचा बारीक होज थेट अवजारात घुसतो, ही त्याची मोठी जमेची बाजू.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय केला तिच्याकडे येतो. ती म्हणजे पिशवी.

कलेक्टरला दोन पिशव्या असतात. वरची कापडी, तिच्यातून हवा गाळून बाहेर पडते. खालची भुसा साठवणारी. दोन्ही एका पत्र्याच्या कड्याला पट्ट्याने आवळलेल्या. खालची भरली की पट्टा सोडायचा, भरलेली पिशवी मांडीवर तोलत उतरवायची, बाहेर नेऊन रिकामी करायची. इथवर ठीक. परत बसवताना खरा त्रास. कडं साधारण कमरेच्या उंचीवर. पिशवीची कड त्याच्यावर सगळीकडून सारखी चढली पाहिजे. एका हाताने समोरची कड धरावी तर मागची घसरते, मागची धरावी तर पट्टा खाली पडतो. पट्ट्याची कळ लावायला तिसरा हात लागतो, तो कुणालाच नसतो. आणि हे सगळं चाललेलं असताना वरच्या कापडी पिशवीला धक्का लागत राहतो. तिच्या आतल्या बाजूला चिकटलेली भुकटी, अगदी तीच 10 मायक्रॉनच्या खालची, त्या धक्क्याने सुटते आणि कड्याच्या उघड्या तोंडातून सरळ खाली, तुमच्या वाकलेल्या डोक्यावर, चष्म्यावर, मास्कच्या कडेने नाकात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, कापल्यानंतर तर ढगच. जी धूळ पकडण्यासाठी एवढा खर्च आणि आवाज, ती पिशवी बदलताना एका दमात अंगावर.

शिवाय साधी कापडी पिशवी साधारण 30 मायक्रॉनची असते. बटण दाबलं की ती फुगते आणि त्या पहिल्या फुगवट्याला बारीक धुरळा कापडातून बाहेर येतो. खिडकीच्या उजेडात उभं राहून पाहिलंत तर स्पष्ट दिसतो. त्याऐवजी 1 मायक्रॉनची घड्यांची कार्ट्रिज, म्हणजे नळकांड्यासारखा फिल्टर, लावता येते आणि ती लावावीच, असं मी म्हणेन. पण त्याने खालच्या पिशवीचं दुखणं जात नाही, आणि पावसाळ्यात दमट भुसा घड्यांत चिकटून बसतो तो वेगळा. नाशिकची हवा एरवी कोरडी, तरी श्रावणात त्या पिशवीला कुबट वास यायचा. कोकणात काय होईल याची कल्पना करा.

सायक्लोनच्या बादलीचं असं काही नाही. आत हवा गरगर फिरते, जड भुसा कडेने खाली पडतो, हवा मधल्या नळीतून वर व्हॅक्यूमकडे जाते. बादलीच्या कळा सोडायच्या, झाकण सायक्लोनसकट बाजूला ठेवायचं, बादली अंगणात नेऊन पोत्यात हलकेच उपडी करायची. वर फिल्टर टांगलेला नाही, त्यामुळे डोक्यावर काही पडत नाही. अगदी बारीक भुकटी सायक्लोनही सोडून देतो, ती व्हॅक्यूममध्ये जाते. म्हणून तिथे अगदी बारीक धूळही अडवणारा हेपा फिल्टर हवाच आणि आत फेकून द्यायची कागदी पिशवी असलेली उत्तम. पण सायक्लोन पुढे असल्यामुळे ती पिशवी कैक महिने पुरते. सायक्लोनशिवाय नुसता व्हॅक्यूम लावून एमडीएफ घासलंत तर थोड्याच वेळात फिल्टर गच्च होऊन ओढ मंदावते.

या वाटेवरही काटे आहेत. व्हॅक्यूमची मोटर किंचाळते, कलेक्टर घुमतो; दुपारच्या वेळी शेजाऱ्यांना कोणता चालेल हे उघड आहे. मी कान झाकतो आणि जेवणानंतरचे दोन तास यंत्र लावत नाही. दुसरं, बादली मजबूत घ्या. होज मध्येच तुंबला तर व्हॅक्यूमचा सगळा जोर बादलीवर येतो. पेंटच्या 20 लिटरच्या बादलीच्या झाकणावर तेव्हा 100 किलोहून अधिक भार पडू शकतो आणि पातळ बादली फटकन आत चेपते. एकात एक दोन बादल्या घातल्या की काम भागतं. कोरड्या दिवसांत प्लॅस्टिकच्या होजला हात लागला की चटका बसतो, त्यासाठी अँटिस्टॅटिक होज किंवा अर्थिंगची तार. आणि व्हॅक्यूम असा घ्या ज्याच्या अंगावर सॉकेट आहे; सँडर त्यात जोडला की बटण दाबताच दोन्ही एकदम सुरू होतात. ही सोय नसली तर माणूस "एवढंसं तर घासायचंय" म्हणत व्हॅक्यूम लावायचा कंटाळा करतो.

भुशाची विल्हेवाटही सोपी जाते. सागाच्या आणि आंब्याच्या साली जवळच्या रोपवाटिकेतला माळी आनंदाने नेतो. एमडीएफची धूळ त्यात मिसळू देऊ नका, तिच्यात फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं. लहान बादलीत हे वेगळं ठेवणं जमतं, मोठ्या पिशवीत सगळं एकत्र होतं.

तेव्हा ज्यांचं काम मुख्यतः प्लाय, एमडीएफ, राउटर आणि सँडरवर चालतं आणि फळ्या रंधून आणता येतात, त्यांना मी सायक्लोनकडेच वळा असं सुचवीन. माझ्या फळ्या मी लाकडाच्या वखारीतच रंधून घेतो, तिथे त्याचे थोडेच पैसे लागतात.

आणि थिकनेसर घरात येणारच असेल, कलेक्टर टळणारच नसेल, तर तो खोलीत ठेवू नका. थंड देशांत लोक गरम केलेली हवा वाया जाईल म्हणून कलेक्टरची हवा गाळून परत खोलीत सोडतात. आपल्याला ती अडचण नाही. मागे आडोशाची मोकळी जागा असेल आणि लागून कुणाची खिडकी नसेल तर कलेक्टर भिंतीपलीकडे बसवा, वर पत्रा घाला, अलीकडे भुशासाठी घट्ट झाकणाचं पिंप आणि सायक्लोन लावा, आणि गाळून आलेली हवाही बाहेरच जाऊ द्या. सायक्लोन थोडी ओढ खातो, तेवढी 160 मिलिमीटरचा पाइप घालून भरून काढता येते. फक्त काम करताना शटर हातभर उघडं ठेवा. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला वाट लागते, नाहीतर कलेक्टर गुदमरतो.