झिरो एस्केप : द नॉनरी गेम्स – काही महिने खेळल्यानंतर रूट लॉकबद्दल

पीसीवर दोन्ही गेमचे सगळे शेवट उघडून झाल्यानंतरचं हे मत आहे. 'द नॉनरी गेम्स' या २०१७च्या जोडीत '९९९' (मूळ २००९, निन्टेन्डो डीएस) आणि 'व्हर्च्यूज लास्ट रिवॉर्ड' (मूळ २०१२) असे कोतारो उचिकोशीचे दोन व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रं आणि आवाजासह वाचायच्या, निवडींनुसार बदलणाऱ्या गोष्टी) एकत्र मिळतात. चित्रं, आवाज, कोडी हे सगळं चांगलं आहेच. इथे मात्र भर रूट लॉकवर आहे, म्हणजे ठरावीक भाग आधी वाचल्याशिवाय कथेची पुढची वाट (रूट) न उघडण्यावर, कारण नवा खेळाडू अडतो तो तिथेच. बरोबर दार निवडलं, बरोबर उत्तरं दिली, कुणाला दुखावलं नाही, तरी गोष्ट मध्येच थांबली. मग वाटतं की गेम बिघडला, किंवा आपलंच काही चुकलं. बहुतेक वेळा दोन्ही झालेलं नसतं. गेमला तुमच्याकडून अजून एक प्रकरण वाचून हवं असतं, एवढंच.

आधी '९९९'. जहाज, नऊ माणसं, नऊ तासांची मुदत, प्रत्येकाच्या मनगटावर १ ते ९ पैकी एक आकडा. दारांवरही आकडे आहेत. एका दारातून किमान तीन आणि जास्तीत जास्त पाच जणांनीच जायचं आणि त्यांच्या आकड्यांचा मूलांक दाराच्या आकड्याएवढा यायला हवा. जन्मतारखेचा मूलांक काढतात तसाच हिशेब: ५, ६ आणि ३ एकत्र आले तर बेरीज १४, १ अधिक ४ म्हणजे ५, म्हणून ५ नंबरचं दार उघडतं. या नियमामुळे प्रत्येक टप्प्यावर गट फुटतो. तुम्ही ज्यांच्याबरोबर जाता त्यांच्या गप्पा ऐकता; पलीकडच्या दारामागे काय घडलं ते त्या खेपेला कळत नाही. रूट म्हणजे इथे अक्षरशः 'मी कुणाबरोबर गेलो' एवढंच. एका खेपेत सगळं कळणं अशक्य आहे आणि लॉकची गरज इथूनच पडते.

या गेमला सहा शेवट आहेत: अ‍ॅक्स, नाइफ, सबमरीन, सेफ, कॉफिन आणि ट्रू (खरा शेवट). पहिले तीन वाईट आहेत. बहुतेकांना पहिल्या खेपेला त्यातलाच एक मिळतो आणि तसं व्हावं अशीच रचना आहे. कळीचा शेवट म्हणजे 'सेफ'. तो न पाहता ट्रूच्या वाटेवर गेलात तर सगळं बरोबर करूनही गोष्ट एका शवपेटीपाशी 'पुढे चालू' म्हणून अडते. तोच कॉफिन शेवट. 'सेफ'मध्ये वाचकाला कळलेली एक गोष्ट ट्रूमध्ये नायकाला वापरावी लागते. ती त्याला कुठून कळली याचं उत्तर कथेच्याच गाभ्यात आहे, म्हणून ते इथे सांगत नाही. पण एवढं खात्रीने सांगता येईल की हे लॉक काढून टाकलं असतं तर शेवटच्या तासाभराला अर्थच उरला नसता. गोष्टीलाच ज्याची गरज आहे असं लॉक म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

लॉक चांगलं असूनही मूळ डीएसवर लोक वैतागायचे, कारण गेममधल्या सोयी अपुऱ्या होत्या. फ्लोचार्ट (कथेच्या फाट्यांचा नकाशा) नव्हता. दुसरा शेवट हवा तर पहिल्या खोलीपासून सुरुवात. वाचलेला मजकूर पळवता यायचा, पण सुटकेची खोली आली की तेच कोडं पुन्हा हाताने सोडवायचं. पाच शेवट होईपर्यंत पहिली केबिन पाठ व्हायची. २०१७च्या आवृत्तीत फ्लोचार्ट आला, वाचलेल्या प्रसंगावर थेट उडी मारता येते, आणि तेच लॉक एकदम वाजवी वाटू लागतं. कुलूप तेच राहिलं, फक्त दारापर्यंतचा रस्ता छोटा झाला. कुठल्याही व्हिज्युअल नॉव्हेलच्या लॉकबद्दल मत बनवताना या दोन गोष्टी वेगळ्या मोजा: लॉक कशासाठी आहे, आणि तिथवर परत जायला किती वेळ लागतो.

ट्रूच्या वाटेवर आणखी एक चूक सर्रास होते. दारं बरोबर निवडली जातात, पण मधल्या संवादातल्या छोट्या गोष्टी सुटतात. चार पानांच्या क्लोव्हरच्या बुकमार्कचा प्रसंग त्यातला सगळ्यात महत्त्वाचा. ती बुकमार्क हातात येते तेव्हा एखादी आठवणीची वस्तू वाटते. पुढे ती योग्य माणसाला दिली की नाही, यावर कुणाच्या हातात कुऱ्हाड येते ते ठरतं. म्हणून फ्लोचार्टवरून परतताना शेवटच्या दारावर उडी मारू नका. त्याच्या एक टप्पा आधीच्या चौकोनावर जा, तिथून संवाद पुन्हा चालवा, पर्याय आला की थांबून निवडा. दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात, पण 'सगळं बरोबर केलं तरी अ‍ॅक्सच' हा प्रकार टळतो.

'व्हर्च्यूज लास्ट रिवॉर्ड'मध्ये लॉकची जात बदलते. इथे फ्लोचार्ट मूळ आवृत्तीपासून आहे आणि तो कथेचाच भाग आहे. सुरुवातीलाच तीन रंगांच्या दारांतून तीन फांद्या फुटतात, मग 'साथ' की 'दगा' असं मतदान होतं आणि प्रत्येक मतावर पुन्हा फाटा फुटतो. गुणांचा नियम सोपा आहे: प्रत्येकाकडे सुरुवातीला ३ गुण, दोघांनी साथ दिली तर दोघांना २-२, एकाने दगा दिला तर त्याला ३ आणि समोरच्याचे २ वजा, दोघांचाही दगा असेल तर शून्य बदल. ९ गुण झाले की बाहेर पडता येतं, शून्यावर आलात तर मरण. एखाद्या फांदीवर पुढे गेलात की पडद्यावर कुलूप येतं आणि 'पुढे चालू' म्हणत गेम फ्लोचार्टवर परत आणतो. या जागी आधीचे पर्याय बदलून बघण्यात काहीच हशील नाही. त्या कुलपाची किल्ली त्या फांदीवर नसतेच. ती दुसऱ्या रंगाच्या दारामागे, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून येते. काही ठिकाणी किल्ली म्हणजे एखादा कोड असतो. तो एका फांदीवर दिसतो आणि दुसऱ्या फांदीवर तुम्हालाच टाइप करावा लागतो. गेममध्ये टिपणं काढायची सोय आहे, पण कागद-पेन जवळ ठेवलेलं बरं: डावीकडे कोड, उजवीकडे तो कुठल्या फांदीवर मिळाला ते. हे न केल्यास चार दिवसांनी गेम उघडल्यावर आकडे आठवतात आणि जागा आठवत नाही.

क्रमाबद्दल ठाम मत आहे. कुलूप आलं की त्या फांदीला हात न लावता सगळ्यात कमी वाचलेल्या रंगाकडे जा. एकच रंग तळापर्यंत उपसायचा प्रयत्न केलात तर तीन-चार कुलुपं ओळीने लागतात आणि गेम मुद्दाम अडवतोय असं वाटायला लागतं. तिन्ही रंग साधारण सारखे पुढे नेले तर एक कुलूप लागेपर्यंत दुसऱ्याची किल्ली हातात आलेली असते. दगा देणारं मत टाळू नका. बरेच जण स्वभावाने सगळीकडे साथ देतात आणि मग अर्धा फ्लोचार्ट कोरा राहतो.

व्हिज्युअल नॉव्हेलवाले लॉक का लावतात, याची कारणं या जोडीपलीकडे पाहिल्यावर नीट दिसतात. 'फेट/स्टे नाइट' (२००४) मध्ये तीन रूट आहेत आणि क्रम पक्का आहे: फेट, अनलिमिटेड ब्लेड वर्क्स, हेवन्स फील. पहिल्या खेपेला काहीही निवडा, दुसरा रूट उघडत नाही. हे लॉक वाचनक्रमाचं आहे. पहिला रूट जगाचे नियम शिकवतो, दुसरा नायकाच्या आदर्शाला प्रश्न विचारतो, तिसरा पहिल्या दोघांनी झाकून ठेवलेलं उघडं करतो. तिसरा आधी वाचला तर त्यातले धक्के धक्के राहत नाहीत. त्याच वर्षीच्या 'क्लॅनाड'मध्ये लॉक मोजणीचं आहे: वेगवेगळ्या पात्रांच्या कथा पूर्ण केल्या की प्रकाशाचे गोळे मिळतात, एकूण १३. ते गोळा झाल्याशिवाय खरा शेवट नाही. 'कोड : रियलाइझ'मध्ये इतर चार नायकांचे रूट पुरे केल्यावरच ल्यूपाँचा उघडतो. अशा प्रेमकथांच्या गेममध्ये कारण सरळ आहे: मुखपृष्ठावरचा नायक सगळ्यांना आधी हवा असतो, तो आधी दिला तर बाकीचे चार कुणी वाचत नाही, आणि मूळ रहस्याचा उलगडा नेमका त्याच्याच रूटमध्ये ठेवलेला असतो.

सगळ्यात फसवं लॉक 'स्टाइन्स;गेट'चं (२००९). तिथे संवादाचे पर्यायच येत नाहीत. हातात फोन असतो, मेल येतात, त्यातले काही शब्द निळे आणि अधोरेखित असतात. जो शब्द निवडाल त्यावर उत्तर जातं. खऱ्या शेवटाची अट कुरिसू या पात्राला दिलेल्या अशा काही उत्तरांत दडलेली आहे आणि ती मेल शेवटच्या प्रकरणाच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असतात. शेवटाजवळच्या सेव्हवरून कितीही प्रयत्न केलेत तरी उपयोग नाही. उपाय एकच: कुरिसूचं मेल आलं की उत्तर देण्याआधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह. जागेची काळजी करू नका, अशा खेळांत स्लॉट भरपूर असतात.

लॉक नसलेला मार्गही आहे. २०१२चा मोफत 'कटावा शोजो' पहिल्या अंकातल्या निवडींवरून पाचांपैकी एका मुलीच्या कथेत सोडतो आणि कुठलीही कथा आधी वाचता येते. तिथे ते चालतं, कारण एका कथेचं रहस्य दुसरीवर अवलंबून नाही. जिथे कथा एकमेकींत गुंतलेल्या आहेत तिथे हा मोकळेपणा नुकसान करतो.

आता एक तांत्रिक बाब, जिच्यापायी कित्येकांचे उघडलेले रूट पुन्हा बंद होतात. कुठला रूट पूर्ण झाला, कुठलं वाक्य वाचून झालं, ही माहिती पुष्कळ व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये सेव्ह स्लॉटमध्ये नसते. ती वेगळ्या कायमस्वरूपी फाइलमध्ये लिहिली जाते. रेनपाय या व्हिज्युअल नॉव्हेल बनवायच्या साधनावर बनवलेल्या खेळांत तिचं नावच 'पर्सिस्टंट' आहे, आणि विंडोजवर ती अ‍ॅपडेटातल्या रेनपाय फोल्डरमध्ये गेमच्या नावाखाली सापडते. नवा लॅपटॉप घेतला, फक्त सेव्हच्या फाइली उचलून नेल्या, की मजकूर पुढे चालू होतो, पण गेमच्या लेखी तुम्ही पहिल्यांदाच आलेले असता. लॉक लागतं आणि 'वाचलेलं पळवा' हे बटणही काम करत नाही, कारण गेमच्या मते काहीच वाचलेलं नाही. म्हणून बॅकअप घेताना संपूर्ण फोल्डर घ्या, सुट्या फाइली नकोत. दोन मशिनवर खेळत असाल तर पहिल्यावर गेम बंद करून क्लाउडवर फाइली चढेपर्यंत थांबा, मगच दुसऱ्यावर उघडा.

स्किपची (मजकूर पळवायची) सेटिंगही सुरुवातीलाच तपासा. 'फक्त वाचलेला मजकूर' हाच पर्याय ठेवा. 'सगळा मजकूर' ठेवलात तर सगळ्या रूटना समाईक असलेल्या भागात मध्येच आलेली दोन नवी वाक्यं न दिसता निघून जातात, आणि लॉक उघडल्याची खूण पुष्कळदा तेवढीच असते. स्किप आपोआप थांबला तर समजा की इथे नवं काहीतरी आहे.

वॉकथ्रूबद्दल (गेम कसा पुरा करायचा ते पायरीपायरीने सांगणारं मार्गदर्शन): पहिले दोन शेवट स्वतः मिळवा. तिसऱ्याच्या वेळी अडलात तर फक्त कुठला शेवट आधी हवा एवढंच शोधा, दारांची यादी वाचू नका. '९९९'साठी लक्षात ठेवायला 'आधी सेफ, मग ट्रू' हे चार शब्द पुरतात. इंग्रजी मजकूर खूप आहे आणि काही कोडी इंग्रजी शब्दखेळांवर बेतलेली आहेत, तेव्हा घाईच्या दिवशी नवी फांदी उघडू नका. अर्ध्यावर सोडलेल्या फांदीतले धागे सगळ्यात आधी विसरतात.

पीसीवरच्या '९९९'मध्ये अ‍ॅडव्हेंचर आणि नॉव्हेल असे वाचनाचे दोन मोड आहेत. पहिल्यात पात्रांचे संवाद येतात, दुसऱ्यात निवेदन. मूळ डीएसवर हे दोन वेगळ्या पडद्यांवर एकाच वेळी दिसायचं, आणि कुठला पडदा कुणाचा आहे यालाही अर्थ होता. एका पडद्यावर आणताना त्यातलं थोडं हरवलं आहे. वाईट शेवट अ‍ॅडव्हेंचर मोडमध्ये भराभर उरकले तरी चालतील. सेफ आणि ट्रू या दोन खेपा मात्र नॉव्हेल मोडमध्ये वाचा आणि निवेदन करणारं कोण आहे, इकडे पहिल्या ओळीपासून लक्ष ठेवा.