कानाचं मशीन लावून पळणं: आठ महिन्यांनंतर

तीन महिने वापरून मी या मशीनला दोन स्टार दिले होते, वर भरपूर शिव्या. आज त्यातल्या निम्म्या मागे घेतोय. निम्म्याच.

कंपनी, चॅनेल वगैरे लिहीत बसत नाही. रिसिव्हर, म्हणजे बारका स्पीकर, कानात, बाकी मशीन कानामागे, ३१२ नंबरचा सेल; यातलं कुठलंही घ्या, पळताना गत एकच. वय ४७, दोन्ही कानांना साधारण ६० डेसिबलचा तोटा. शुगर काठावर आली म्हणून पळायला लागलो. सोलापुरातलं घर, विजापूर रोड, संभाजी तलाव, परत. पाच किलोमीटर.

पहिल्याच दिवशी तलावापाशी मागून कुणीतरी धापा टाकत यायला लागलं. त्याला वाट द्यायला बाजूला झालो, तर तोही माझ्या मागे. तीनदा वळून पाहिलं, रस्ता मोकळा. माझाच श्वास होता तो! दम लागला की आपण एवढा आवाज करतो हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी पैसे वसूल वाटले.

दुसऱ्या आठवड्यापासून नाटकं सुरू. तिसऱ्या किलोमीटरला टुण-टुण-टुण, म्हणजे सेल संपला, की कान बंद. सेल परवाच घातलेला! सहाचं पाकीट मला २८० ला पडतं आणि मशीन दोन, म्हणजे खर्चही दुप्पट. दुकानात गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काका, ओल गेलीय, वॉरंटीत बसत नाही." अरे, खोक्यावर आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी आत शिरत नाही, असं छापलंय ना? तर म्हणे ते पाण्याचं, घामाचं नाही. वर सल्ला, "पळायचं कशाला, चाला की." रिसिव्हरची तार बदलायचे साडेतीन हजार घेतले. तिसऱ्या किलोमीटरला परत टुण-टुण-टुण.

(पाण्याचं तो खरं बोलला होता. ती चाचणी साध्या पाण्यात होते, घामात मीठ असतं. पण हे विकताना सांगायचं असतं, बिल फाडताना नाही.)

आता खरी गोष्ट. मेलेले सेल टाकवत नाहीत म्हणून मी ते औषधाच्या डबीत साठवायचो. एका रविवारी पाकीट संपलं, दुकान बंद. डबीतला आदल्या दिवशीचा सेल सहज घालून बघितला, तर चालू! मग त्या आठवड्यातले नऊही तपासले. सहा जिवंत निघाले बे!

हे सेल झिंक-एअर असतात, हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात. सेलच्या पाठीला बारीक भोकं असतात, सील काढलं की ती उघडतात. घामाचा थेंब सेलच्या झाकणाच्या फटीत बसला की हवा बंद, सेल गुदमरतो. पुसून वारा दाखवला की उठून बसतो. मात्र सील एकदा काढलं की न वापरताही काही आठवड्यांत संपतो, आणि आपल्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत आणखी लवकर सुकतो, म्हणून जुना साठा उपयोगाचा नाही. सील काढल्यावर तीन-चार मिनिटं थांबून मगच सेल घाला. एवढं दुकानात कुणी बोललं असतं तर माझे किती सेल वाचले असते!

घामावर उपाय म्हणून ऑनलाइन ८५० रुपयांची कव्हरं मागवली. माईकवर कापड आल्यामुळे सगळं रजईतून ऐकू आल्यासारखं. शेवटी बायको म्हणाली, "टॉवेलच्या गावात राहून घाम पुसायला पार्सल मागवताय?" चाळीस रुपयांचा टेरी नॅपकिन उभा कापला, मागे इलॅस्टिक शिवलं. पट्टी कपाळावर, कानाच्या वरून. मशीनवर अजिबात नाही. घाम वरच अडतो. मे महिन्यात पहाटे पाचला पळालो, पाचही किलोमीटर आवाज गेला नाही. घरी आल्यावर मशीन पुसून, सेल काढून, झाकण उघडं ठेवून सिलिका जेलच्या डब्यात.

वाऱ्याची घरघर अजून आहे. ऑडिओलॉजिस्टने (कान तपासून मशीन जुळवून देणारा) मशीनमध्ये वेगळा प्रोग्रॅम टाकून दिला, थोडी कमी झाली. किलोमीटर मोजायला मनगटावरचं घड्याळ थरथरतं, ते उत्तम.

मुलगा विचारतो, मशीन काढूनच का पळत नाही? डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये, तसंच पळतात, स्पर्धेत मशीन चालत नाही, सुटायचा इशाराही दिव्याने देतात. पण ट्रॅकवर उलट्या बाजूने दूधवाला येत नसतो. मी उजव्या कडेने, समोरच्या गाड्या दिसतील असा पळतो, तरी मागचा हॉर्न लागतोच. आता इलेक्ट्रिक स्कूटर आल्यात, त्या तुम्हालाही ऐकू येत नाहीत, तेव्हा सगळे एका रांगेत!

साडेतीन स्टार. अर्धा त्या पोराच्या "चाला की"साठी कापला. कव्हरांची जोडी धुऊन ठेवलीय, कुणाला हवी तर चारशेला देईन.